पाणी गोदामात शिरलं नाही, तरीही : आमच्या डाळ गिरणीची वाटचाल

वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. 1986 साली त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये डाळ गिरणी टाकली. चाळणी, रोल, डाळ भरडायची घट्टी आणि मागे मोठं फरशीचं पटांगण. खरा धंदा त्या पटांगणावर चालायचा. रोलवर तुरीच्या सालाला चरे पाडायचे, तेल लावायचं, तीन-चार दिवस उन्हात पसरायचं, संध्याकाळी ढीग करून झाकायचं. साल सुटलं नसेल तर घट्टीत डाळ कमी पडते आणि चुनी, म्हणजे तुकडा-भुसा, जास्त. डिसेंबरात नवी तूर आली की उन्हाळा संपेपर्यंत आकाशाकडे बघायची गरज पडत नसे.

तो भरवसा 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गेला. ऐन सुगीत गारपीट झाली आणि मराठवाड्यातला हरभरा, गहू, द्राक्षं झोपली. आमच्या पटांगणावरची तूर ताडपत्रीखाली गरम होऊन काळी पडली. त्यानंतरच्या काही वर्षांत अवकाळीचे ढग आले नाहीत असा उन्हाळा क्वचितच गेला.

2016 चा दुष्काळ सगळ्या देशाला माहीत आहे, तो रेल्वेमुळे. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा डबे, पाच लाख लिटर. गिरणीला पाणी फार लागत नाही, पण कामाला येणाऱ्या बायांना लागतं. रात्रभर नळावर, टँकरवर नंबर लावलेली बाई सकाळी आठला पाखडायला कशी बसणार? त्या महिन्यांत आम्ही कामाच्या वेळा टँकरच्या वेळांवर लावल्या.

पैशाचा फटका मात्र पाऊस पडल्यावर बसला, आणि हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. दुष्काळात तूरडाळ किरकोळ बाजारात दोनशे रुपये किलोपर्यंत गेली होती. त्या भावाने शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली, 2016 चा पाऊस चांगला झाला, विक्रमी पीक आलं आणि भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. महाग घेतलेला माल गोदामात आणि बाहेर स्वस्त तुरीचे ढीग. आमच्या ओळखीच्या काही गिरण्या त्या वर्षी बंद पडल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

तरी दुष्काळ पायरीपायरीने येतो. जुलैत पेरणी लांबते, ऑगस्टमध्ये खंड पडतो, दिवाळीपर्यंत अंदाज येतो आणि आपण खरेदी आवरतो. अतिवृष्टी तेवढा वेळ देत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने मांजराकाठ बुडाला. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव, बीड, लातूर, जालना सगळीकडे पाणी झालं. काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं, तूर पाण्यात उभ्या उभ्या वाळली, नदीकाठची माती खरडून गेली. सरकारने ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं.

आमच्या गोदामात पाणी शिरलं नाही. त्यामुळे पंचनामा नाही आणि विम्याचा दावाही नाही. आमची पॉलिसी इमारत, यंत्रं आणि मालाची आहे. जो माल शेतातून निघालाच नाही, त्याचा विमा कोणी उतरवत नाही.

पण नुकसान आमच्यापर्यंत आलंच, उधारीच्या वाटेने. सोयाबीन गेलं म्हणून शेतकऱ्याने कृषी सेवा केंद्राचे पैसे थांबवले, आडत्याकडून घेतलेली उचल फिटली नाही, आडत्याने आमचा व्यवहार रोखीवर आणला. बँकेत सीसीची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा मालाच्या स्टेटमेंटवर चालते. माल कमी तर उचल कमी, म्हणजे पैसा ज्या महिन्यात सर्वांत जास्त हवा त्याच महिन्यात हात आखडतो. शेवटी परदेशातून येणारी तूर, म्हणजे म्यानमारची बर्मी लेमन आणि आफ्रिकेची गजरी, आणून घट्टी चालू ठेवली. बंदराचा माल महाग पडत नाही, पण त्या पैशातला एक रुपयाही औशा-निलंग्याच्या शेतात जात नाही, हे मला खुपतं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्या मंडळातल्या पिकावर चालणाऱ्या छोट्या उद्योगाच्या कर्जालाही तोच निकष लावून हप्त्यांना मुदत मिळावी, ही आमची मागणी आहे. शेतकऱ्याचं पीककर्ज पुनर्गठित होऊ शकतं, तर त्याच पिकावर उभ्या गिरणीचं का नाही?

या काळात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. ड्रायर घेतला, खर्च वाढला, पण ढगाळ आठवड्यात बायांचा रोज बुडत नाही. गोदामाचं जोतं उंच केलं. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना आम्ही बदनापूरच्या संशोधन केंद्राचं तुरीचं बीडीएन-711 लावायला सांगतो. हे वाण दीडशे ते दीडशे पंचावन्न दिवसांत येतं, त्यामुळे परतीचा पाऊस लवकर गेला तरी दाणा भरतो. सोयाबीन आणि तूर रुंद सरी-वरंब्यावर घ्यावी, म्हणजे पाणी साचलं तर निघून जातं आणि ओढ पडली तर ओल टिकते. हे दोन्ही करणाऱ्यांकडचा माल आम्ही आधी घेतो.

यंदाच्या हंगामात एक सोय आणखी सुरू करतोय. तुरीत हवा, म्हणजे ओलावा, जास्त निघाली म्हणून मोंढ्यातून कोणी कमी भावात माल सोडून जाऊ नये. आमच्याकडे आणा, मीटरवर तुमच्यासमोर मोजू, ड्रायरचा खर्च तेवढा घेऊ आणि सुकवून परत देऊ. नंतर विका आम्हाला, दुसऱ्याला, किंवा बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवून भावाची वाट बघा. त्या योजनेत किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजाने. सातबारा आणि आधार सोबत ठेवा.