तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यातली माणसं फिरायला कुठे जातात?

‘तुम्ही गोव्यातच राहता, मग सुट्टीत जाता तरी कुठे?’ पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी हा प्रश्न विचारला नाही असा एकही हंगाम आमच्या घरी गेला नसेल. काहींना खरंच उत्सुकता असते, काहींना पुढच्या सहलीचा आराखडा हवा असतो, आणि काहींची समजूत असते की आम्ही रोज संध्याकाळी किनाऱ्यावर पाय पसरून बसलेले असतो. फोंड्यातली माणसं वर्षातून किती वेळा समुद्रावर जातात हे सांगितलं तर त्यांचा विरस होईल, म्हणून मी विषय बदलते. यंदा मात्र पुण्याच्या भाचीने ‘मावशी, नीट लिहूनच दे’ असा हट्ट धरला.

आधी कुठे जात नाही ते सांगते. अंदमान, कोवळम, अलेप्पी ही नावं माझ्यापुढे काढू नका. सुंदरच आहेत, वाद नाही. पण माड, खाडी, भाताची शेतं आणि काठाला बांधलेली होडी बघायला मी विमानाचं तिकीट काय म्हणून काढू? हंपी जवळचीच. वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस हंपीजवळच्या होस्पेटला थांबते, त्यामुळे ती मी प्रवासात धरत नाही. आणि मे महिन्यात शिमला-मनालीला गेलात तर माल रोडवर अर्धा महाराष्ट्र भेटेल. त्यापेक्षा तुळशीबाग बरी.

माझी अट एकच: तिथलं पाणी आमच्या पाण्यासारखं वागता कामा नये. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात आमची पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धावपळ असते: मिरच्या, सोलं, सुकं नुस्तं (म्हणजे मासळी) डब्यांत भरून ठेवायचं. जून लागला की कपाटातल्या साड्यांना वास येऊ लागतो आणि चपलांवर बुरशी धरते. आमच्या घरांची छपरं उतरती का, जेवणात आंबट इतकं का, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला रानातली इतकी फळं-पानं कुठून येतात, सगळ्याचं उत्तर पाऊसच. तेव्हा घराबाहेर पडायचं तर निराळ्या पाण्यावर जगणारी माणसं बघावीत.

त्यात पहिला नंबर स्पितीचा. हिमाचल म्हटलं की लोकांना देवदार आठवतात. स्पितीत देवदार तर सोडाच, साधं झुडूप दिसलं तरी गाडी थांबवावीशी वाटते. पावसाचे ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवर अडतात आणि पलीकडे पोचतात ते उरलेसुरले. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. स्पिती कोरडी असली तरी तिथे नेणारा किन्नौरचा रस्ता दरडींचा आहे. चवथ आटोपली की सप्टेंबरच्या अखेरीस निघावं. मनालीहून कुंझुमची ४५५१ मीटर उंचीची खिंड ओलांडून एका दिवसात काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, पोचता येतं, आणि टूरवाले तेच गळ्यात मारतात. समुद्रसपाटीवर वाढलेल्या माणसाने त्यांचं ऐकू नये. शिमला, कल्पा, नाको असे मुक्काम करत हळूहळू चढावं. दिवस जास्त लागतात, पण काझा साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, आणि एकदा डोकं ठणकायला लागलं की समोर कितीही भव्य डोंगर असो, माणसाला फक्त उशी दिसते.

नाकोहून पुढे ताबो लागतं. तिथला मठ इसवी सन ९९६ मधला आहे, आणि तो मातीचा आहे. चिऱ्याचा नाही, दगडाचा नाही, चक्क मातीचा. मी बाहेरच्या भिंतीवरून अंगठा फिरवला तर पिवळट कोरडी धूळ हाताला लागली. आमच्याकडे अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा गिलावा दर दोन-तीन पावसांनी पुन्हा करावा लागतो. ही भिंत हजार वर्षं उभी आहे. १९७५ च्या भूकंपाचा धक्काही तिने सोसला. आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की भिंतींतून पुढे झुकलेल्या मातीच्या रंगीत मूर्ती एकेक करून उजेडात येतात, त्यांच्या खाली आणि भोवती चित्रंच चित्रं. आत फोटो काढू देत नाहीत, हे फार बरं आहे. माणसं भिंतीकडे बघतात तरी. हे सगळं टिकलं ते पाऊस नाही म्हणून. अलीकडे तिथेही पाऊस अधूनमधून जोर धरू लागलाय, आणि मातीच्या सपाट छपरांना त्याची सवय नाही.

स्पितीतली शेती बर्फाच्या पाण्यावर चालते. वरून वितळून येणारं पाणी छोट्या पाटांनी गावात आणतात, त्या पाटांना तिकडे ‘कुहल’ म्हणतात. प्रत्येकाची पाळी ठरलेली. त्या पाण्यावर जव आणि हिरवा वाटाणा होतो. उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी वाटाण्याचा एक हिरवा चौकोन दिसतो आणि तो जिथे संपतो तिथे पाटाचं पाणी संपलेलं असतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावरून मानशीचं दार उघडून भरतीचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या आमच्या लोकांना हे पाळीचं गणित चटकन कळेल.

दुसरं ठिकाण बरोबर उलटं: मेघालय. तुम्ही म्हणाल, पावसाला कंटाळलेली बाई आणखी पावसात कशाला गेली? ईर्ष्येने! आमच्या वाळपईच्या लोकांना आपल्या पावसाचा फार अभिमान असतो. सोहरा, म्हणजे आपण शाळेत पाठ केलेलं चेरापुंजी, तिथे वर्षाची सरासरी ११,००० मिलिमीटरच्या पुढे जाते. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. आणि एवढं होऊन हिवाळ्यात तिथल्या बायका पाण्यासाठी लांब चालतात. पठारावरची माती धुऊन गेलेली, खाली चुनखडीचा खडक. पडलेलं पाणी उभं राहत नाही, थेट खाली बांगलादेशात जातं.

सोहऱ्याजवळच्या तिरना गावातून नोंग्रियातला उतरायला तीन हजारांवर पायऱ्या आहेत. उतरताना गुडघे काही बोलत नाहीत, परत चढताना सगळा हिशेब मागतात. खाली जिवंत मुळांचे पूल आहेत, त्यांतला एक दुमजली. ओढ्याच्या काठावर रबराच्या जातीचा वड लावतात आणि त्याची पारंब्यांसारखी मुळं पलीकडच्या काठाकडे वळवतात. मुळाने वाट सोडू नये म्हणून ते पोफळीच्या पोखरलेल्या खोडातून ओवतात. खोड कुजून जातं तोवर मूळ पलीकडे रुजलेलं असतं. पूल नीट भार घेण्याजोगा व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. म्हणजे लावणारा स्वतःसाठी लावत नाही. मी पाहिलं तेव्हा कठड्याच्या बाजूला करंगळीएवढी दोन कोवळी मुळं कुणीतरी जुन्या मुळाभोवती पिळून, सुतळीच्या गाठीने बांधून ठेवली होती.

पोफळीचं खोड पाहून मी भोवताली बघितलं, तर उतारावर पोफळी, त्यांवर चढवलेले पानवेल, मधूनच मिरीचे वेल. आमचं कुळागरच! माझी अट तिथे पार मोडली. तिथले खासी लोक पाहुण्याला सुपारी-पान देतात ते ओल्या सुपारीचं असतं. तोंडात टाकलं की कानशिलं तापतात. आमच्या ह्यांनी एक खाल्लं आणि पायरीवर बसकण मारली. शिवाय खासींमध्ये वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलींना मुलग्यांइतका वाटा मिळतो याचं आम्हाला कौतुक, पण या बाबतीत खासी आमच्या चार पावलं पुढे. मी घरातली धाकटी, त्यामुळे मला ती पद्धत मनापासून पटली.

मेघालयात ऐन जून-जुलैत जायला धाडस लागतं. पायऱ्या निसरड्या होतात, धुक्यात दरीही दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये धबधब्यांना पाणी असतं आणि आकाशही उघडं असतं. उमंगोट नदीचं ते काचेसारखं पाणी, ज्यात होडी अधांतरी दिसते, ते मात्र नोव्हेंबरनंतर. पावसाळ्यात तीही गढूळच वाहते.

तिसरं माजुली. आसामात ब्रह्मपुत्रेच्या मधोमध असलेलं हे बेट २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोट सुटते. दिवाडी आणि चोडण या गोव्यातल्या बेटांवर फेरीने जाणाऱ्या आम्हा लोकांना वाटतं, त्यात काय नवीन? नवीन हे की आपला धक्का काँक्रीटचा असतो, आणि माजुलीच्या बाजूला घाटच जागा बदलतो. नदी सरकली की वाळूवरच्या बांबूच्या टपऱ्या उचलतात आणि पाणी असेल तिथे नेतात. चहावाल्याला त्याचं काही वाटत नाही. ब्रह्मपुत्रेने गेल्या शंभर वर्षांत या बेटाची निम्म्याहून जास्त जमीन खाल्ली आहे. तिथल्या मिसिंग जमातीच्या लोकांची घरं बांबूच्या खांबांवर उंच बांधलेली. पूर आला की खालून पाणी जातं, माणसं वर.

या बेटावर आसामचे संत शंकरदेव यांच्या परंपरेतली सत्रं आहेत, म्हणजे वैष्णव मठ. सामागुरी सत्रात मुखवटे करतात: बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत भिजवलेलं कापड, मग शेण-मातीचा लेप आणि वर रंग. तिथल्या एका तरुणाने एवढा मोठा पुतनेचा मुखवटा डोक्यावर चढवला आणि आतून दोरी ओढून जबडा हलवला, तेव्हा शेजारचं पोर आईच्या पदरात शिरलं. हे मुखवटे घालून ‘भाओना’ नावाची नाटकं करतात. जत्रेत रात्रभर दशावतारी काला बघितलेल्यांना तिथे परकं वाटणार नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या रासाच्या वेळी गेलात तर उत्तम, पण राहायची सोय आधीच करा. आमच्या घरचा नेहमीचा प्रश्न, नुस्तं मिळेल का? मिळेल, आणि आंबट रश्शात. त्याला ‘मासोर टेंगा’ म्हणतात. नारळ नाही, तरी भाताबरोबर चालतं.

कच्छबद्दल थोडक्यात. पांढरं रण म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि थंडीत मिठाने पांढरी होणारी जमीन. डिसेंबर ते फेब्रुवारी जावं. धोर्डोला तंबूंची आणि मोबाईलची इतकी गर्दी असते की मला तिथे मन रमवता आलं नाही. त्यापेक्षा खावड्याच्या बाजूने, दोन्हीकडे मिठाचं सपाट रण असलेल्या रस्त्याने धोलावीराला जा. हडप्पा संस्कृतीच्या त्या लोकांनी खडकात खोदलेले हौद बघा, पायऱ्यांसकट. पावसाळ्यापुरते वाहणारे मनसर आणि मनहर हे दोन ओढे अडवून त्यांनी शहर जगवलं. २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं, तरी अजून तिथे शांतपणे फिरता येतं. मडगावहून गांधीधामला थेट गाडी आहे.

आता भाचीला हवा होता तो हिशेब. मेघालय आणि माजुली एकाच फेरीत होतात: गुवाहाटीला उतरा, शिलाँग तिथून शंभर किलोमीटर, सोहरा त्याच्या पुढे. पाय दुखणं थांबलं की परत गुवाहाटीला येऊन रात्रीच्या गाडीने जोरहाट. दोन्हीकडे आपल्याला परवाना लागत नाही. दहा दिवसांपेक्षा कमी रजा असेल तर दोन्ही एकत्र करू नका, माजुली सोडा. स्पितीला वेगळी रजा काढा, आणि रोख पैसे शिमल्यातच काढून घ्या.