अक्षरापासून अर्थापर्यंत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी मुलांना वाचायला शिकवताना मी तक्त्याऐवजी ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, या प्रश्नापासून सुरुवात करते. म, न, क, ल ओळखू लागताच ‘नकल’, ‘कलम’ वाचता येतात; संपूर्ण मुळाक्षरांसाठी थांबणे मला अनावश्यक वाटते. पहिल्या वेलांटीला मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण ‘दिवा’ लिहिताना ती ‘द’च्या आधी येते, पण उच्चारली जाते नंतर, आणि डावीकडून वाचणारे मूल तिथेच अडखळते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट तिसरीअखेर आकलनासह वाचन हे आहे. म्हणूनच गोष्ट वाचून झाल्यावर मी ‘असे का झाले असेल?’ हे विचारते आणि मुलाने घरच्या बोलीत दिलेले उत्तरही आनंदाने स्वीकारते.