आज पहिल्यांदा ऐकू आलं

एमबीबीएसचं दुसरं वर्ष, मेडिसिनचं पोस्टिंग. आठ दिवस बीपी घेतेय आणि स्टेथोस्कोपमधून नुसती शांतता. रडायलाच यायचं.

आज एका आजींनी आपणहून पोलक्याची बाही वर सरकवली. "घे गं पोरी, कितीदाबी घे." मनगटाची नाडी धरून पारा चढवला, नाडी बुजली तिथून आणखी 30 वर. मग कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप टेकवून पारा अगदी सावकाश खाली सोडला.

148 वर टक्! 92 वर आवाज गेला. म्हणजे बीपी 148/92.

1905 मध्ये रशियन डॉक्टर कोरोटकॉफ यांनी सांगितलेले हेच आवाज. या आवाजांचे पाचही टप्पे पाठ होते माझे, पण जिवंत माणसाच्या हातातून ते येताना अंगावर काटा आला.

"बरं हाय नव्हं?" आजींनी विचारलं. "थोडं जास्त आहे आजी, सरांना सांगते," म्हटलं आणि बाही नीट खाली करून दिली.