शून्याच्या जागी एक

जुलै २०१६ मधला तो दिवस परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटून दुसरा दिवस होता. पुण्यातील एका लहान कंपनीत मी सर्व्हरची देखभाल पाहत होतो आणि एका शिक्षणसंस्थेचे अर्ज भरण्याचे संकेतस्थळ आमच्याकडे होते. शेवटच्या दोन दिवसांत गर्दी उसळणार हे ठाऊक असल्यामुळे आदल्या रात्री सर्व्हर बंद करून आम्ही त्याची मेमरी १६ जीबीवरून ३२ जीबी केली होती. आठ महिने एकदाही बंद न पडलेले ते यंत्र रात्री दोन वाजता विनातक्रार पुन्हा सुरू झाले आणि मी निर्धास्त मनाने घरी जाऊन झोपलो.

सकाळी साडेदहापासून फोन सुरू झाले. पान उघडत नाही, नुसते गोल फिरत राहते, मग आपोआप उघडते, पुन्हा अडते, अशा त्या तक्रारी होत्या. आमच्या मदतकक्षातील मुली प्रत्येक फोननंतर स्वतःच्या संगणकावर संकेतस्थळ उघडून पाहत आणि ते प्रत्येक वेळी क्षणात उघडे. प्रोसेसर निवांत होता, डेटाबेस निवांत होता, पाने पुरवणाऱ्या एनजिनएक्स या प्रोग्रामच्या नोंदवहीत एकही चूक नव्हती. ज्यांची तक्रार होती त्यांच्या अडलेल्या प्रयत्नांची तर त्या नोंदवहीत नोंदच नव्हती. जणू ते दारापर्यंत आलेच नव्हते. बदल एकच झालेला असल्यामुळे साहेबांचा संशय नव्या मेमरीवर होता आणि खरे सांगायचे तर अर्धा संशय माझाही तिथेच होता.

वाट दाखवली ती लातूरच्या एका महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेच्या सरांनी. त्यांच्याकडे चाळीस यंत्रे होती, सगळी एकाच इंटरनेट जोडणीवर. पुढच्या दोन रांगांत विंडोज होते, मागच्या रांगांत उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार.

"तुमच्या साइटला लिनक्सचं वावडं आहे का हो?" त्यांनी विचारले. "विंडोजवर पोरं धडाधड फॉर्म भरतायत. मागच्या रांगांत मात्र कुणाचंच उघडत नाही."

"एकाही उबुंटूवर उघडत नाही का, सर?"

"माझ्या टेबलावरच्या उघडतं. ते पण उबुंटूच आहे. बाकीची सगळी दोनदा बंद करून चालू केली, तर उलट जास्तच बिघडलं."

बंद करून चालू केल्यावर बिघाड वाढतो, हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसले. सर्व्हरवर टीसीपीडम्प हे वाहतूक दाखवणारे साधन लावून मी त्या महाविद्यालयाच्या इंटरनेट पत्त्यावरून येणारी पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पाहू लागलो. जोडणी मागणारे सिन पॅकेट येत होते, पण आमचा सर्व्हर त्याला उत्तरच देत नव्हता. तेच पॅकेट एका सेकंदाने पुन्हा येई, मग दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी, आणि आमच्या बाजूला तशीच शांतता. नकारही नाही, होकारही नाही. फायरवॉलचे नियम तपासले, तर त्यांत काहीच वावगे नव्हते. अखेरीस जोडण्यांचा हिशेब दाखवणाऱ्या नेटस्टॅटची आकडेवारी काढली आणि शेदीडशे ओळींच्या त्या जंगलात एक ओळ अशी सापडली, जिचा अर्थ होता, वेळेच्या शिक्क्यामुळे नाकारलेल्या जोडण्या. आकडा हजारोंच्या घरात होता आणि आज्ञा पुन्हा दिली की तो डोळ्यांदेखत वाढत होता.

त्या ओळीचा धागा आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सच्या कर्नेलमधील, म्हणजे गाभ्यातील, एका चलाकडे (बदलता येणाऱ्या आकड्याकडे) जात होता, टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल. त्याची मूळ किंमत शून्य असे. आमच्या सर्व्हरवर ती एक होती.

हे चल काय करत असे हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टीसीपीची, म्हणजे दोन यंत्रांमध्ये माहिती पोहोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीची, जोडणी जी बाजू आधी बंद करते, त्या बाजूला ती जोडणी लगेच विसरता येत नाही. वाटेत रेंगाळलेले एखादे पॅकेट उशिरा येऊन त्याच पोर्टवरच्या (जोडणीच्या क्रमांकावरच्या) नव्या जोडणीत घुसू नये, आणि आपली शेवटची पोच हरवली असेल तर ती पुन्हा पाठवता यावी, म्हणून ती काही काळ ‘टाइम-वेट’ अवस्थेत ठेवली जाते. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा असून तो कर्नेलच्या संहितेतच कोरलेला आहे. फिन_टाइमआउट हे चल कमी केले की टाइम-वेट आटोपतो असे अनेकांना वाटते, पण ते चल वेगळ्याच अवस्थेचे आहे. आमच्याकडे एनजिनएक्स पाच सेकंदांच्या शांततेनंतर स्वतःहून जोडणी बंद करत असे, त्यामुळे टाइम-वेटचा सगळा साठा सर्व्हरवर जमे. एका गर्दीच्या दिवशी मी वीस हजारांहून अधिक जोडण्या त्या अवस्थेत मोजल्या होत्या आणि घाबरलो होतो. घाबरण्याचे कारण नव्हते. येणाऱ्या जोडण्यांसाठी सर्व्हरचा एकही जास्तीचा पोर्ट त्यात अडकत नाही आणि प्रत्येक नोंदीला लागणारी मेमरीही किरकोळ असते. पण मोठा आकडा दिसला की तो लहान करावासा वाटतो, हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

रिसायकल चालू केले की कर्नेल या नोंदी फार लवकर टाकून देई आणि सुरक्षिततेसाठी दुसरी एक युक्ती वापरे. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्या यंत्राच्या घड्याळाचा एक शिक्का असू शकतो. ही सोय १९९२ च्या आरएफसी १३२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातली. कर्नेल समोरच्या पत्त्याचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवी आणि पुढच्या ६० सेकंदांत त्याच पत्त्यावरून त्याहून जुना शिक्का असलेले सिन आले, तर ते मुकाट्याने टाकून देई. यामागचे गृहीतक असे की एक पत्ता म्हणजे एक यंत्र, आणि एका यंत्राचे घड्याळ मागे जात नाही.

लातूरमध्ये एका पत्त्यामागे चाळीस यंत्रे होती. त्या काळातील लिनक्समध्ये हा शिक्का यंत्र सुरू झाल्यापासून मोजला जाई, म्हणून सकाळी आठला सर्वांत आधी सुरू केलेल्या सरांच्या यंत्राचा शिक्का सर्वांत मोठा होता. त्यांनी पान उघडले की पुढचा मिनिटभर मागच्या रांगा आमच्या सर्व्हरच्या लेखी भूतकाळातल्या ठरत. मुलांनी यंत्रे पुन्हा सुरू केली तेव्हा त्यांची मोजणी नव्याने सुरू झाली आणि ती आणखी मागे पडली. विंडोज स्वतःहून हा शिक्का लावत नसल्याने त्या रांगांना कसलीच अडचण आली नाही. आमच्या मदतकक्षातही सगळीकडे विंडोजच होते. मोबाइलवाल्यांच्या तक्रारींचाही उलगडा झाला, कारण मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच असते.

तरीही खात्री करून घ्यायची होती, म्हणून सरांना फोन करून मागच्या रांगेतील एका यंत्रावर बसायला सांगितले आणि शिक्के बंद करणारी सिसकंट्रोलची, म्हणजे कर्नेलची चले बदलणाऱ्या साधनाची, आज्ञा अक्षर अक्षर सांगत गेलो.

"अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ ना?"

"हो सर. टीसीपी, खालची रेघ, टाइमस्टॅम्प्स, बरोबर, शून्य."

"थांबा. पासवर्ड मागतंय. हं, झालं. अहो, उघडलं की!"

शेजारच्या यंत्राला हात लावू नका, असे सांगून मी आमच्या सर्व्हरवर रिसायकलची किंमत शून्य केली. यासाठी काहीही पुन्हा सुरू करावे लागत नाही; चालत्या कर्नेलमधला आकडा जागच्या जागी बदलतो. दोन मिनिटांत शेजारचे यंत्रही चालू लागले आणि नेटस्टॅटमधला तो आकडा जिथल्या तिथे थांबला. तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते.

आता तो एक तिथे आला कुठून, हे सांगणे भाग आहे. तो मीच लिहिला होता. टाइम-वेटचा आकडा पाहून घाबरलो त्याच दिवशी, म्हणजे सर्व्हर शेवटचा सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, वेग वाढवण्यासाठी म्हणून हातोहात फिरणारी दहा-बारा ओळींची एक यादी मी सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये जशीच्या तशी चिकटवली होती. त्यात सोमॅक्सकॉन (रांगेत थांबू शकणाऱ्या जोडण्यांची मर्यादा) १२८ वरून १०२४ होते, स्वॅपीनेस (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवण्याचा कल) ६० वरून १० होते, फिन_टाइमआउटही होतेच. पण फाइल लिहिली म्हणजे कर्नेलने ती वाचली असे होत नाही. ती सर्व्हर सुरू होताना वाचली जाते, नाहीतर वेगळी आज्ञा देऊन वाचायला लावावी लागते. ती आज्ञा मी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरली, आकडा आपोआप उतरला आणि मी श्रेय त्या यादीला दिले. पुढचे आठ महिने फाइल एक सांगत होती, कर्नेल दुसरेच करत होते, आणि मेमरी घालण्यासाठी यंत्र बंद केले त्या रात्री दोघांचे एकमत झाले. कर्नेलसोबत येणाऱ्या दस्तऐवजात या चलापुढे स्पष्ट लिहिलेले होते की तांत्रिक तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय किंवा विनंतीशिवाय ते बदलू नये. ते वाक्य मी यादी चिकटवतानाही वाचले होते. तज्ज्ञ म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता, इतकेच.

साहेबांना मी हे सगळे संध्याकाळी सांगितले. ते रागावले नाहीत, पण संस्थेला पाठवायचे पत्र त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतले. अर्जांची मुदत संस्थेने एका दिवसाने वाढवली.

पुढे २०१७ मध्ये लिनक्स ४.१० पासून वेळेचा शिक्का प्रत्येक जोडणीला वेगळ्या यादृच्छिक आकड्यापासून सुरू होऊ लागला. त्यामुळे रिसायकलचे गृहीतक एका पत्त्यामागे एकच यंत्र असले तरी खोटे ठरले, आणि त्याच वर्षी ४.१२ मधून ते चल काढूनच टाकण्यात आले.

२०२० मध्ये सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सच्या देखभालीची मुदत संपत आली, तेव्हा आम्ही उबुंटू २०.०४ वर नवा सर्व्हर उभारत होतो. एक तरुण सहकारी माझ्याकडे पडदा दाखवायला आला. कुठल्याशा जुन्या यंत्रावरून त्याने सिसकंट्रोलची फाइल उचलून आणली होती आणि ती लागू करताच टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल नावाची फाइलच नाही, असा संदेश आला होता.

"दादा, हे परत आणायला कुठलं पॅकेज टाकावं लागेल?"

मी त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितले, ती ओळ पुसायला लावली आणि खालच्या सोमॅक्सकॉनच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे अजून १०२४ होते. हे लागू करण्याआधी नव्या कर्नेलमध्ये काय होते ते शेजारच्या रिकाम्या यंत्रावर बघ, म्हटले. त्याने पाहिले, तर ४०९६ होते. मग त्याने न सांगता फाइलची पहिली ओळ उघडली आणि एकेक चल त्या रिकाम्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहायला सुरुवात केली.