व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मुलांना शिकवताना : माझा अनुभव

ऑगस्टमध्ये केनियातील शाळांना सुट्टी असते आणि या सुट्टीत तेथील अनेक मंडळ्या, म्हणजे चर्च, मुलांसाठी सुट्टीतील बायबल शाळा भरवतात. आमच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या मंडळीतील काही शिक्षकांबरोबर मी अशाच एका शाळेत मदतीला गेले होते. पश्चिम केनियात किसुमू शहरापासून पुढे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर लुओ लोकांची एक कोळीवस्ती आहे, तिथे ही शाळा भरली होती. परदेशात मुलांची सेवा करण्याची इच्छा आपल्याकडे अनेक तरुण शिक्षकांना असते, परंतु असा दिवस प्रत्यक्षात कसा पार पाडावा लागतो हे सांगणारे फार थोडे भेटतात, म्हणून त्यातील एका दिवसाविषयी सविस्तर लिहीत आहे.

तयारीचा भाग थोडक्यात सांगते. केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे, ती आधी काढावी लागते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी, कारण तिचे प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतातील विमानतळावर आपल्याला वेगळे ठेवले जाऊ शकते. सरोवराकाठी मलेरिया बारमाही असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात आणि मच्छरदाणीशिवाय झोपू नये. याहूनही महत्त्वाची आहे ती बालसुरक्षेची नियमावली. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकटे थांबायचे नाही, पालकांच्या संमतीशिवाय छायाचित्र काढायचे नाही, कोणाच्याही हातात परस्पर खाऊ किंवा पैसे द्यायचे नाहीत. यजमान मंडळीने हे नियम आमच्याकडून वाचून घेतले आणि त्याखाली आमच्या सह्या घेतल्या. ज्या मंडळीत असे नियम नाहीत तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवसाची सुरुवात शिक्षकांच्या प्रार्थनेने होई. त्यानंतर तेथील शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या साप्ताहिक बायबल वर्गाच्या, मुख्य बाई आणि मी त्या दिवसाचा पाठ ओळीओळीने तपासत असू. लहान मुलांना फक्त धोलुओ भाषा कळते, तर मोठ्यांना स्वाहिली आणि इंग्रजीही येते. त्यामुळे मी दोन वाक्ये इंग्रजीत बोलायची, थांबायचे आणि बाईंनी ती धोलुओत सांगायची, असे ठरले होते. बाईंचा आग्रह असा की, भाषांतर करताना त्यांची नजर मुलांवर राहिली पाहिजे, कागदावर नव्हे, आणि त्यासाठी पाठ आदल्या रात्रीच त्यांच्या हाती पडला पाहिजे. त्यांचे म्हणणे किती योग्य होते, हे वर्गात लगेच दिसून आले.

त्या दिवशीचा पाठ लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील होता. शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर कष्ट करतात, काहीच हाती लागत नाही, मग प्रभू येशू त्यांना नाव खोल पाण्यात हाकारायला सांगतो आणि जाळी फाटू लागतील इतके मासे सापडतात. समोर बसलेल्या बहुतेक मुलांचे वडील किंवा काका मासेमारी करणारे होते. व्हिक्टोरिया सरोवरात ओमेना नावाची बोटाएवढी चंदेरी मासळी मिळते. ती रात्री पकडतात. पाण्यावर दिवे तरंगत ठेवायचे, उजेडाला मासळी गोळा झाली की तिच्याभोवती जाळे ओढायचे. सकाळी तीच मासळी किनाऱ्यावर जुन्या जाळ्यांवर वाळत घातलेली असते, आणि आपल्या कोकणातल्या सुकटीसारखा तिचा वास वर्गापर्यंत येत असतो.

‘त्यांनी रात्रभर कष्ट केले, पण काही मिळाले नाही,’ एवढे सांगून मी थांबले. बाईंनी ते धोलुओत सांगताच दुसऱ्या रांगेतील निळ्या गणवेशातल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, ‘त्या रात्री चांदणे होते का?’ सगळा वर्ग उत्तराची वाट पाहू लागला. चांदण्या रात्री दिव्याचा उजेड पाण्यात फिका पडतो, ओमेना जमत नाही आणि नावा काठावरच राहतात, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. बाईंनी शांतपणे सांगितले की, पवित्र शास्त्रात चंद्राचा उल्लेख नाही, पण मासळी का मिळाली नसेल याची कारणे तुम्हीच सांगा. मग उत्तरांची रीघ लागली. वारा उलटा असेल, जाळ्याचे भोक मोठे असेल, पाणवनस्पतीने वाट अडवली असेल. एका मोठ्या मुलाने पेत्राचे ते गालीलचे सरोवर केवढे आहे असे विचारले. व्हिक्टोरियाचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे आणि गालीलचे सरोवर लांबीला जेमतेम २१ किलोमीटर, त्यामुळे तिथे पलीकडचा काठ दिसतो, असे मी सांगितले. एवढ्याशा पाण्यात रात्रभर फिरून मासळी मिळू नये, यावर मुलांचा विश्वास बसेना. तोच धागा पकडून बाईंनी पेत्राचे थकणे आणि तरीही शब्दाखातर पुन्हा जाळे टाकणे इतक्या ताकदीने समजावले, की मला पुढे फारसे बोलावे लागले नाही.

दहा वाजता उजी, म्हणजे मक्याच्या आणि ज्वारीच्या पिठाची पातळ लापशी, देण्याची वेळ झाली. नळ बसवलेल्या पिवळ्या कॅनखाली प्रत्येकाचे हात धुऊन घेण्यात बराच वेळ जातो आणि दोन माणसे त्यातच गुंतून राहतात, हे नियोजनात धरले पाहिजे. त्याच वेळी एक मुलगा अंगात ताप घेऊन भिंतीला टेकून बसलेला आढळला. नियमाप्रमाणे एक स्थानिक शिक्षिका आणि मुलाची आत्या त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. तपासणीत मलेरिया निघाला आणि औषध तिथेच सुरू झाले. मलेरियाची लस केनियात २०१९ साली याच पश्चिम भागात प्रथम देण्यात आली, यावरून येथील धोका किती मोठा आहे याची कल्पना यावी.

दुपारी सरोवरावरून ढग आले आणि पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला. अशा वेळी शेजारी बसलेल्याचा शब्दही ऐकू येत नाही. बाईंनी हाताने खूण केली, मुले उभी राहिली आणि पाठ त्यांनी मूकपणे, केवळ हावभावांनी करून दाखवला. दोन बाके म्हणजे नाव झाली, एक मुलगा वाकून जाळे ओढत राहिला आणि इतर जण मासे होऊन त्याच्या पायांशी गोळा झाले.

संध्याकाळच्या शिक्षकांच्या बैठकीत मला मिशनरी शिक्षिका सिंथिया फेरार यांची वारंवार आठवण होत होती. त्या १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले आणि १८६२ साली त्यांचा मृत्यूही नगरमध्येच झाला. आपली भाषा शिकून त्या आयुष्यभर इथे राहिल्या. आम्ही मात्र थोड्या दिवसांचे पाहुणे होतो. तिथल्या मुलांना वर्षभर शिकवणाऱ्या बाईच होत्या, आणि त्यांचे काम हलके व्हावे यासाठी आपण आलो आहोत, हे मी बैठकीत बोलून दाखवले. पाळकसाहेबांनाही ते पटले.

दुसऱ्या दिवसापासून पाठ बाईंनी थेट धोलुओत सांगायचा, असे ठरले. तयारीच्या वेळी शास्त्रभागावर चर्चा करणे, चित्रे काढून देणे आणि हजेरी घेणे माझ्याकडे आले. हात धुण्याच्या कॅनपाशी कोणी उभे राहायचे, यासाठी आमच्यातील दोघांची नावे वहीत लिहिली गेली. बैठक संपताच बाईंनी पुढचा पाठ मागितला आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघी तो वाचायला बसलो.