एनएमआर असताना आयआर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्यात एमएस्सीला ऑरगॅनिक शिकवते म्हटलं की हे येतंच: रेणूची रचना ओळखायला एनएमआर, मास या पद्धती असताना आयआरवर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रमवर, एवढे तास का? चार्टमध्ये बघायचं, १७१५ ला (आकडे cm⁻¹ मध्ये) कीटोन, ३४०० ला ओएच, झालं.

नाही होत. बंध किती ताठ, अणू किती जड, शेजारी कोण, यावर पीक, म्हणजे स्पेक्ट्रममधलं टोक, सरकतो. एस्टरचा कार्बोनिल (C=O) १७४० च्या आसपास, ॲसिड क्लोराइडचा १८०० च्या. बेंझोफेनोन या कीटोनला दोन्हीकडे बेंझीन रिंग, तिच्याशी कॉन्ज्युगेशन होऊन C=O बंध सैलावतो, म्हणून तो १६६० पर्यंत खाली येतो.

याच बेंझोफेनोनवरून एका विद्यार्थिनीचा व्हायवा गेला. बेंझहायड्रॉल या अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करून बेंझोफेनोन बनवलेलं, पांढरे स्फटिक, वितळणबिंदू ४८ अंश, अगदी हवा तसा. स्पेक्ट्रम मात्र भर पावसाळ्यात केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटवर, म्हणजे त्या क्षारात नमुना दाबून केलेल्या चकतीवर, काढलेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद उचलला. "१७१५ कुठाय?" ती म्हणाली, "सर, कॉन्ज्युगेशनमुळे..." "आणि हा ३४०० चा रुंद बँड? अल्कोहोल तसंच आहे. रिॲक्शन झालेलीच नाही." तिला पुढे बोलताच येईना. मी मधे पडले: सर, केबीआरने ओल धरलीय, १६४० चा खांदा बघा, पाण्याचा आहे. त्यांनी मला हातानेच थांबवलं. मी जाऊन नुसत्या केबीआरची पेलेट केली, स्पेक्ट्रम काढला. तोच ३४००, तोच १६४०. घेऊन आले तोवर गुण लिहून झाले होते. ती पुढे पीएचडीच्या वाटेला गेली नाही. यामुळेच, असं ती कधी म्हणाली नाही. मला तसंच वाटतं.

तरी खरं सांगते, १७१५ चा हट्ट चुकीचा असला तरी परीक्षकांची दुसरी शंका अगदीच पोकळ नव्हती. पाण्याच्या बँडखाली उरलंसुरलं अल्कोहोल लपू शकतं. आमची बाजू वितळणबिंदूने धरली होती, त्या पेलेटने नाही. एनएमआर असता तर ५.८ पीपीएमजवळ बेंझहायड्रॉलचा सिग्नल आहे का, एवढं पाहून वाद मिटला असता. मग तुमचंच बरोबर?

पूर्वी मी वर्गात म्हणायचे, आयआर कुठला ग्रुप आहे ते सांगतो. आता म्हणते, कुठला नाही ते जास्त खात्रीने सांगतो. १८५० ते १६०० मोकळं असेल तर कार्बोनिल विसरा. पण त्या दिवशी नेमकं 'अल्कोहोल नाही' हेच आयआरवरून म्हणता आलं नाही. तेव्हा हेही वाक्य मी पुरतं मानत नाही. एनएमआरला नमुना बाहेर पाठवावा लागतो, रिपोर्टची वाट बघावी लागते. आयआर आमच्या खोलीत आहे, आणि रिॲक्शन चालू असतानाच मुलांना कार्बोनिल उगवताना दिसतो. तास कमी करणार नाही.