एकदाच सांगा, पण जवळ जाऊन

“अरे, आवर ना लवकर!” स्वयंपाकघरातून हाक येते. कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर. बाहेरच्या खोलीत पाच वर्षांचा मुलगा गाड्यांची रांग लावण्यात गुंग. हाक कानावर पडते, पण “आवर” म्हणजे नेमकं काय? गाड्या उचलायच्या, हात धुवायचे की कपडे बदलायचे? चौथ्या हाकेला आवाज चढतो आणि मग तो उठतो. यातून तो एक गोष्ट पक्की शिकतो, की पहिल्या तीन हाका सोडून दिल्या तरी चालतं.

३ ते ८ वर्षांच्या मुलांबद्दल “ऐकतच नाही” ही तक्रार घरोघरी असते. सांगण्याची पद्धत बदलली की त्यातलं बरंच सुटतं, आणि ही पद्धत सरावानं कुणालाही जमते.

गॅस बारीक करा आणि मुलाजवळ जा, हात पोचेल इतक्या अंतरावर. खाली बसा, नाव घ्या, तो बघेपर्यंत थांबा. मग एकच काम सांगा, आणि काय करायचं ते सांगा: “अर्णव, गाड्या या डब्यात भर.” “पसारा करू नकोस” यातून काय करायचं ते कळत नाही. “भरतोस का रे गाड्या?” हा तर प्रश्न झाला. त्याला “नाही” हे उत्तर येऊ शकतं आणि ते उद्धटपणाचं नसतं. जिथे नकार चालणार नाही, तिथे विचारू नये.

आणि मग गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा. सगळ्यात अवघड हेच. हे पाच सेकंद आपण “ऐकलंस ना? चल पटकन, किती वेळा सांगायचं?” अशा वाक्यांनी भरून टाकतो, आणि हातातला खेळ सोडून उठायला मुलाला जो वेळ लागतो तोच हिरावून घेतो.

त्यानं पहिली गाडी उचलली की लगेच बोला: “सांगितल्याबरोबर उचलायला लागलास, छान!” “शहाणं बाळ” म्हटल्यानं नेमकं काय आवडलं ते कळत नाही. आणि “रोज असं केलंस तर किती बरं होईल” हे शेपूट जोडू नका, सगळं कौतुक त्यात वाहून जातं.

नाहीच उठला, तर एकदाच बजावा: “गाड्या भर, नाहीतर उद्या संध्याकाळपर्यंत त्या कपाटात राहतील.” पुन्हा पाच आकडे. मग न रागावता गाड्या कपाटात. परिणाम छोटा आणि आपल्या हातातला हवा. “महिनाभर टीव्ही बंद” दुसऱ्याच दिवशी मोडतं आणि पुढच्या वेळी आपल्या शब्दाला वजन उरत नाही.

मुलाला रडण्याची आणि आपल्याला माघार घेण्याची सवय का लागते, याची उकल अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरांमधल्या निरीक्षणांतून केली. मूल रडतं, आपण माघार घेतो, रडणं थांबतं. मुलाला कळतं की रडून काम होतं, आणि आपल्याला कळतं की माघार घेतली की शांतता मिळते. दोघांचीही सवय पक्की होते.

म्हणूनच जेवताना मोबाईल बंद करायचं ठरवलं की पहिले काही दिवस रडणं वाढू शकतं. पद्धत फसली असं वाटतं ते इथेच. सातव्या मिनिटाला “जाऊ दे, दोन घास तरी खाईल” म्हणून मोबाईल दिला, तर सात मिनिटं रडावं लागतं हे तो शिकतो. त्यामुळे सुरुवात करण्याआधी आजी-आजोबांशी बोलून घ्या, मुलासमोर नव्हे. आजीला नातवाचं रडणं बघवत नाही, तेव्हा त्या वेळात तिच्याकडे वेगळं काम द्या. ताट वाढून जेवताना गोष्ट सांगायला आजीसारखं कुणी नाही.

एवढं मात्र पुरत नाही. दिवसभर फक्त सूचनाच कानावर पडणारं मूल सूचनांना बधिर होतं. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी विकसित केलेल्या पालक-बालक उपचारपद्धतीत रोज पाच मिनिटं मुलाच्या मर्जीनं खेळायचं असतं. तो करतो ते बोलून दाखवायचं (“लाल ठोकळा वर ठेवलास”), तो म्हणतो ते त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं आणि नेमकं कौतुक करायचं. पाच मिनिटांत प्रत्येकी दहादा, आणि प्रश्न, सूचना, टीका मिळून जास्तीत जास्त तीन. करून बघा. “हा कुठला रंग?” हे तोंडातून किती सहज निघतं ते पहिल्याच मिनिटात कळेल.

आणखी एक. पाठमोऱ्या मुलाला साध्या आवाजात हाक मारली तर तो वळतो का, टीव्हीचा आवाज सारखा वाढवतो का, हे आधी बघा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं. शंका असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, शिस्तीचं नंतर बघता येईल.